टेलपर्यंत पाणी : मुंबईची इंटरनेट लाइन आणि बफरचा हिशेब

सातारा-सांगलीच्या सीमेवर, माण नदीवर, राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव आहे. त्याच्या पाटावरचा एक पाटकरी कल्पनेत आणा. त्याने दार उघडून थोडे पाणी सोडले, दार लावले आणि टेलच्या शेतकऱ्याकडून ‘पोचले’ असा निरोप येईपर्यंत तो स्वस्थ बसला. पाट कितीही रुंद असला तरी बहुतेक वेळ कोरडाच राहील. असा पाटकरी माणदेशात कोणी चार दिवसही ठेवून घेणार नाही. संगणकांच्या जाळ्यांत मात्र तो अनेक वर्षे नोकरीला होता.

इंटरनेटवरील बहुतांश देवाणघेवाण टीसीपी या नियमसंचाने चालते. पाठवलेल्या माहितीची पोच येईपर्यंत तिची प्रत पाठवणाऱ्याला जपून ठेवावी लागते. घेणाऱ्याकडेही ती उतरवून घ्यायला जागा लागते. स्मृतीतील ही राखीव जागा म्हणजे बफर. बफर भरला की पाठवणे थांबते. म्हणून त्याचे माप एका गुणाकारावर ठरते : लाइनचा वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ.

१९८० च्या दशकात बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये (४.२ बीएसडी, १९८३) हा बफर अवघा २,०४८ बाइटचा होता, ४.३ आवृत्तीत तो ४,०९६ झाला. आज हसू येईल, पण त्या काळाला तो पुरेसा होता. १९८९ मध्ये मुंबईतील एनसीएसटी या संस्थेतून, अर्नेट प्रकल्पाअंतर्गत, अमेरिकेतील यूयूनेटशी ९,६०० बिट प्रतिसेकंद वेगाची लाइन जोडली गेली. भारतीय संशोधकांना जगाच्या इंटरनेटकडे नेणारी ही वाट सेकंदाला १,२०० बाइट वाहत होती. जाऊन-येऊन पूर्ण एक सेकंद लागतो असे धरले, तरी १,२०० बाइटच वाटेत मावतात. ४,०९६ मध्ये ते सहज बसले.

अडचण वेग वाढल्यावर आली, आणि ती उपग्रहाच्या वाटेवर सर्वांत जास्त बोचते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो; संदेश जाऊन पोच परतायला किमान अर्धा सेकंद जातो. त्या वाटेवर २ मेगाबिटची लाइन घेतली, तर सव्वा लाख बाइटचा बफर हवा. ४,०९६ बाइटवर तीच लाइन ६५ किलोबिटच्या आसपास चालेल. भाडे दोन मेगाबिटचे, वापर तिसाव्या हिश्शाचा. आणि तार तुटलेली नाही, यंत्र बिघडलेले नाही. दोष शोधायचा तरी कुठे?

बफर वाढवूनही एक भिंत उरत होती. १९८१ च्या टीसीपी-नियमांत ‘माझ्याकडे इतकी जागा आहे’ हे सांगायला १६ बिटच ठेवले होते. म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. नियम लिहिणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण तेव्हा अर्पानेटच्या मुख्य लाइनीच ५६ किलोबिटच्या होत्या. १९९२ मध्ये जेकबसन, ब्रेडन आणि बोरमन यांनी तोडगा प्रसिद्ध केला : जोडणी करतानाच दोन्ही टोकांनी एक गुणक ठरवून घ्यायचा. ही मर्यादा त्यामुळे एक गिगाबाइटच्या घरात गेली.

मग बफर सरसकट मोठेच का ठेवू नयेत? कारण हजारो जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरची स्मृती त्यातच संपेल. शिवाय बेसुमार ओतण्याचा अनुभव १९८६ मध्ये येऊन गेला होता : लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातील वेग कोंडीमुळे ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला होता.

१९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले आणि १९९७ मध्ये फ्लॅग ही समुद्री केबल मुंबईतून गेली. अंतर तेच, वेग मात्र कैकपटींनी जास्त. मापे पुन्हा बदलली. प्रत्येक यंत्रावर हाताने आकडे बसवणे अशक्य होऊ लागले. १९९८ मध्ये सेम्के, महदवी आणि मॅथिस यांनी बफर आपोआप जुळवण्याची पद्धत मांडली. २००४ पर्यंत लिनक्समध्ये घेणाऱ्या बाजूचीही अशी सोय आली. तिथे आज किमान, आरंभीचे आणि कमाल असे तीन आकडे असतात. त्या कक्षेत प्रणाली स्वतः माप ठरवते. एखाद्या प्रोग्रामने जुन्या सल्ल्यानुसार घेण्याच्या बफरचा आकडा स्वतः ठोकून बसवला, तर त्या जोडणीपुरते हे आपोआप जुळवणे बंद पडते.