मतदारसंघनिहाय वाटणीचा भ्रम

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर मराठीत लिहिताना एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला कुणी हरकत घेत नाही. राज्यात 51 टक्के मते घेणाऱ्याने त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते न्यावीत आणि 49 टक्क्यांच्या पदरी शून्य यावे, हा उघड अन्याय आहे. तेव्हा प्रत्येक राज्याने मेन आणि नेब्रास्का यांचा कित्ता गिरवावा, आपली मते मतदारसंघनिहाय वाटावीत, म्हणजे प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. अमेरिकेतही अनेक सुजाण माणसे हेच म्हणतात. हे मत चुकीचे आहे, आणि ते न्यायाच्या नावाने मांडले जाते म्हणूनच ते खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

आधी पूर्वपक्षाचे बळ मान्य करू. मेनने हा कायदा 1969 मध्ये केला आणि 1972 पासून वापरला. नेब्रास्काने 1991 मध्ये केला आणि 1992 पासून वापरला. राज्यभरात पहिल्या आलेल्या उमेदवाराला दोन मते, आणि काँग्रेसच्या एकेका मतदारसंघात जो पुढे असेल त्याला तिथले एक. 1964 नंतर नेब्रास्काचे एकही मत डेमोक्रॅटिक उमेदवाराला मिळाले नव्हते. 2008 मध्ये ओमाहा शहराच्या मतदारसंघाने बराक ओबामांना ते दिले, पुढे 2020 मध्ये बायडेन यांना आणि 2024 मध्ये हॅरिस यांना दिले. मेनच्या उत्तरेकडच्या ग्रामीण मतदारसंघाने 2016 पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांना कौल दिला. एरवी ज्या राज्यांकडे उमेदवार ढुंकूनही पाहत नाहीत तिथे ते सभा घेऊ लागले. ओमाहात लोकांनी आपल्या अंगणांत निळ्या ठिपक्याचे फलक रोवले. आपल्या मताला किंमत आहे ही जाणीव लहान नव्हे, आणि तिची टिंगल मी करणार नाही.

पण या दोन राज्यांची मिळून मते किती? नेब्रास्काची पाच, मेनची चार. 538 पैकी नऊ मतांवरून काढलेला निष्कर्ष साऱ्या देशाला लावताना मधे काय बदलते, ते पाहिले पाहिजे. भारतीय वाचकाला इथे एक गोष्ट सहज निसटते. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग आखतो आणि त्याच्या आदेशांना कायद्याचे बळ असते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या रेषा राज्याचे विधिमंडळच आखते, म्हणजे ज्या पक्षाचे तिथे बहुमत असेल तो पक्ष. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात सोयीच्या रेषा आखण्याची ही विद्या गाजली आणि आज ती संगणकाच्या मदतीने घराघरापर्यंत अचूक झाली आहे. राज्याची सीमा मात्र कुठलाही पक्ष दर दहा वर्षांनी हलवू शकत नाही. विजेत्याला सर्व मते देण्याच्या पद्धतीत शंभर दोष असतील, पण हा एक नाही.

याची किंमत किती, ते 2012 चे आकडे सांगतात. पेनसिल्व्हेनियात ओबामा सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने जिंकले आणि राज्याची 20 मते त्यांना मिळाली. 2011 मध्येच त्या राज्याच्या सिनेटमधले रिपब्लिकन नेते डॉमिनिक पिलेजी यांनी मतदारसंघनिहाय वाटणीचा प्रस्ताव आणला होता आणि गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांचा त्याला पाठिंबा होता. तो मंजूर झाला असता तर 18 पैकी 13 मतदारसंघ जिंकलेल्या मिट रॉम्नी यांना 13 मते गेली असती, आणि राज्य जिंकलेल्या ओबामांना सात. व्हर्जिनियात 2013 मध्ये आलेले विधेयक आणखी पुढे गेले. राज्यभराची दोन मतेदेखील जास्त मतदारसंघ जिंकणाऱ्यालाच द्यावीत, असे त्यात होते. तो नियम 2012 ला लावला तर राज्य जिंकणाऱ्या ओबामांना 13 पैकी चार मते आणि रॉम्नींना नऊ. आणि साऱ्या देशाने नेब्रास्काची पद्धत घेतली असती तर? जवळपास 50 लाख मतांनी मागे पडलेले रॉम्नी 274 विरुद्ध 264 असे अध्यक्ष झाले असते. 2000 आणि 2016 मध्ये जनतेची जास्त मते घेणारा उमेदवार हरला, हा प्रचलित पद्धतीवरचा खरा आरोप आहे. त्यावर सुचवलेला उपाय 2012 मध्येही तेच घडवतो, आणि तेही अधिक मोठ्या फरकाने.

ही दोन्ही विधेयके बारगळली. पेनसिल्व्हेनियाच्या मतदारसंघांचा तो नकाशाही 2018 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. म्हणून धोका टळला असे समजणाऱ्यांनी ओमाहाकडेच पाहावे. 2008 मध्ये ओबामांनी ते मत नेल्यावर 2011 च्या फेररचनेत शेजारच्या सार्पी काउंटीचे भाग इकडचे तिकडे झाले आणि मतदारसंघ रिपब्लिकन पक्षाला अधिक अनुकूल झाला. आदर्श म्हणून दाखवले जाणारे राज्यही यातून सुटलेले नाही.

आता दुसरा, माझ्या मते अधिक खोल मुद्दा. समजा रेषा प्रामाणिक आहेत. तरीही एकट्या राज्याने आपली मते वाटणे न्याय्य ठरते का? वाटणीची पद्धत एका राज्यापुरती पाहून न्याय्य की अन्याय्य हे सांगताच येत नाही, कारण तिचा परिणाम देशाच्या बेरजेत होतो. बाकी सगळी राज्ये आपला गठ्ठा अखंड ठेवत असताना एका राज्याने तो फोडला तर त्या राज्यातल्या बहुमताचे वजन घटते आणि विरुद्ध कल असलेल्या राज्यांचे आयते वाढते. थॉमस जेफरसन यांना हे अनुभवाने कळले होते. 1796 मध्ये व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना मतदारसंघनिहाय निवड करत होते. दोन्हीकडे जॉन ॲडम्स यांना एकेक मत मिळाले आणि ते 71 विरुद्ध 68 असे जिंकले. ती दोन मते जेफरसनकडे असती तर निकाल 70 विरुद्ध 69 असा उलटला असता. जानेवारी 1800 मध्ये त्यांनी जेम्स मन्रो यांना लिहिले, त्याचा आशय असा: सर्वत्र होणार असेल तर मतदारसंघनिहाय निवड उत्तम, पण इतर राज्ये तसे करत नसताना आपणच करणे मूर्खपणाचे. त्याच वर्षी व्हर्जिनियाने पद्धत बदलली आणि सर्व 21 मते जेफरसनना दिली. विरोधकांच्या मॅसॅच्युसेट्सनेही आपल्या सोयीने नियम बदलला. 1836 पर्यंत साउथ कॅरोलिना वगळता सगळी राज्ये एकगठ्ठा पद्धतीवर आली होती. ही पद्धत घटनेने दिलेली नाही. एकाने केले म्हणून दुसऱ्याला करावे लागले, असे करत ती रूढ झाली.

म्हणून अशा विधेयकाबाबत पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ते कुठे आणि केव्हा आले? जिथे रिपब्लिकन पक्षाच्या हाती विधिमंडळ पण अध्यक्षपदासाठीचा कौल डेमोक्रॅटिक, अशाच राज्यांत 2011 ते 2013 मध्ये वाटणीचा कळवळा दाटून आला. टेक्सासमध्ये तो कुणालाच आला नाही. 1892 च्या निवडणुकीआधी मिशिगनमध्ये हेच डेमोक्रॅट्सनी केले होते. विधिमंडळ हाती येताच त्यांनी मतदारसंघनिहाय कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याच्या अधिकारात आहे असे सांगून कायम ठेवला, आणि 14 पैकी पाच मते त्यांचे उमेदवार क्लीव्हलँड यांना मिळाली. रिपब्लिकन परत येताच जुनी पद्धत परत आली. म्हणजे पाप एका पक्षाचे नाही. पण ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकणेही मला मान्य नाही, कारण त्याच इतिहासात नकार देणारे लोकही आहेत. 1800 मध्ये न्यूयॉर्कचे विधिमंडळ विरोधकांकडे जाणार हे दिसताच अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना नियम बदलण्याची गळ घातली. पक्षाच्या सोयीसाठीचा हा उपाय आपल्याला शोभणारा नाही, अशी नोंद त्या पत्रावर करून जे यांनी ते बाजूला ठेवले.

सप्टेंबर 2024 मध्ये नेब्रास्कात नेमके असेच घडले, फक्त उलट दिशेने. तिथल्या रिपब्लिकनांना वाटणी मोडून सर्व पाच मते ट्रम्प यांना द्यायची होती. हिशेब असा होता की पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकूनही ओमाहाविना हॅरिस 269 वर अडकतील आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे जाईल, जिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. मेनच्या डेमोक्रॅट नेत्यांनी आपणही तसेच करू असे एप्रिलमध्येच बजावले होते. पण मेनमध्ये सामान्य कायदा अधिवेशन संपल्यावर 90 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे सप्टेंबरमधल्या चालीला उत्तर देणे अवघड होते. सिनेटर लिंडसे ग्रॅहम स्वतः नेब्रास्कात येऊन आमदारांना भेटले. 49 सदस्यांच्या सभागृहात 33 मते हवी होती. काही महिन्यांपूर्वीच डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झालेले ओमाहाचे माइक मॅकडॉनेल यांनी निवडणूक 43 दिवसांवर असताना हे होऊ नये, असे सांगून नकार दिला. वाटणीची पद्धत मला पटत नाही, तरीही मॅकडॉनेल यांचा निर्णय मला शंभर टक्के बरोबर वाटतो. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नये, एवढे तत्त्व पद्धतीच्या गुणदोषांहून वरचे आहे.

मग प्रचलित अन्याय तसाच सोसायचा का? नाही. जो बदल सर्वांना एकदम लागू होईल, तोच करायचा. 1969 मध्ये थेट मतदानाची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने 338 विरुद्ध 70 अशी मंजूर केली होती, ती 1970 मध्ये सिनेटमधल्या अडवणुकीने मेली. आज हाती असलेला मार्ग राज्यांच्या आंतरराज्य कराराचा आहे. देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला आपली सगळी इलेक्टोरल मते द्यायची, पण सामील राज्यांची बेरीज 270 होईपर्यंत करार अमलात येणार नाही. जेफरसनची अडचण या अटीने सुटते, कारण कुठल्याच राज्याला एकट्याने गठ्ठा फोडावा लागत नाही. मेरीलँड 2007 मध्ये पहिले आले, 2024 मध्ये मेन आल्यावर बेरीज 209 झाली. सामील झालेली राज्ये डेमोक्रॅटिक कलाची आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण 2014 मध्ये ओक्लाहोमाच्या रिपब्लिकन सिनेटने आणि 2016 मध्ये ॲरिझोनाच्या रिपब्लिकन प्रतिनिधिगृहाने हाच करार मंजूर केला होता, पुढच्या सभागृहात तो अडला. ओमाहाचे एक मत राखण्यात किंवा मोडण्यात जी शक्ती खर्च होते, ती अशा विधिमंडळांना पटवण्यात लागायला हवी.