केळीच्या पेशींचे वार्धक्य
भौगोलिक मानांकन (२०१६) लाभलेले जळगावचे केळे पिकते, म्हणजे शास्त्राच्या भाषेत त्याच्या पेशी वृद्ध होतात. घड उतरविल्यावरही पेशींचे श्वसन चालूच राहते. पुढे फळ स्वतःच इथिलीन वायू निर्माण करते; तो वायू आणखी इथिलीन निर्माण करवितो. मग हरितद्रव्य नष्ट होते, पेशींना सांधणारे पेक्टिन विरघळते, पिष्टाची साखर होते. हे चक्र एकदा फिरले की उलटत नाही. म्हणूनच रावेर-यावलचा माल दूरच्या बाजारपेठांसाठी हिरवाच कापतात. वाहतुकीत १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान राखल्यास वार्धक्य लांबते. त्याहून अधिक थंडीत पेशीपटले फाटून साल काळवंडते. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडतात ती याचमुळे. वखारीत कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन सोडण्यास मुभा आहे.