वाहक लहरीची गळती : एका जुन्या प्रश्नाचे पुनरागमन

सप्टेंबर १९२२ मध्ये वॉशिंग्टन येथे अमेरिकी नौदलाचे संशोधक आल्बर्ट टेलर व लिओ यंग हे नदीच्या एका तीरावर प्रेषक व दुसऱ्या तीरावर ग्राही ठेवून प्रयोग करीत असता मधून ‘डॉर्चेस्टर’ ही आगबोट गेली आणि ग्राहीतील संकेत कमीजास्त होऊ लागला. रेडिओ-लहरींनी दूरच्या वस्तूचा सुगावा लागू शकतो, हे त्यावरून दिसून आले. परंतु अखंड लहर सोडणारा प्रेषक ग्राहीच्या निकट आणल्यास त्याचीच लहर ग्राहीत शिरून क्षीण प्रतिध्वनीला बुडवून टाकते, ही अडचण कायम राहिली.

रडारने तीतून वाट काढली ती काळाची विभागणी करून. रॉबर्ट पेज यांनी १९३४ मध्ये स्पंदांचा प्रयोग केला व १९३६ मध्ये ड्युप्लेक्सरच्या योगे एकाच अँटेनाकडून प्रेषण व ग्रहण ही दोन्ही कामे करवून घेतली. लहर सोडताना ऐकावयाचे नाही आणि ऐकताना सोडावयाची नाही, हे त्यातील सूत्र होय. गळतीचा प्रश्न अशा रीतीने टाळला गेला. तो सुटला असे मात्र म्हणता येत नाही.

परावर्तित शक्तीच्या साहाय्याने संदेशवहन करण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली आणि १९७५ मध्ये लॉस अलामोस येथील कोएल, डेप व फ्रेमन यांनी तिच्यावर आधारलेल्या ओळख-टॅगचे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे प्रचारात आलेल्या बॅटरीविरहित टॅगचे पोषणच वाचकयंत्राच्या वाहक लहरीवर होते. तो उत्तर देत असतानाही ती चालूच ठेवावी लागते. साहजिकच स्पंदांची युक्ती येथे निरुपयोगी ठरते. एक वॅट शक्तीच्या वाचकयंत्रात सर्क्युलेटरने २० डेसिबलांचे विलगन दिले, तरी १० मिलिवॅट शक्ती ग्राहीत शिरते. टॅगचे उत्तर १ नॅनोवॅट असेल, तर गळती त्याच्या एक कोटी पट भरते! तिच्या भाराने ग्राहीचा प्रवर्धक संपृक्त होतो आणि आंदोलकाचा गोंगाटही तिच्याबरोबर आत येतो.

यावरील उपायही रडारच्याच इतिहासात सापडतो. ओ’हारा व मूर यांनी १९६३ मध्ये अखंड-लहरी रडारच्या ग्राहीसाठी गळती रद्द करण्याची पद्धती वर्णिली. प्रेषकाच्या लहरीचा अंश घेऊन, त्याचा परमप्रसर गळतीइतका व कला तिच्या विरुद्ध करून, तो ग्राहीच्या मुखाशी मिसळावयाचा, हे तिचे तत्त्व. गळती आणखी ४० डेसिबलांनी घटविण्यासाठी परमप्रसरातील चूक शेकडा एकाच्या आणि कलेतील चूक अर्ध्या अंशाच्या आत ठेवावी लागते. शिवाय अँटेनाजवळून एखादी लोखंडी हातगाडी गेली तरी परावर्तन बदलते. म्हणून ही जुळणी यंत्राने स्वतःच पुनःपुन्हा करणे आवश्यक ठरते.

आरंभीच्या काळात टॅगपर्यंत पुरेशी शक्ती न पोहोचणे हीच वाचनाच्या अंतराची मुख्य मर्यादा होती. टॅगची शक्तीची गरज जसजशी घटत गेली, तसतशी ती मर्यादा वाचकयंत्राच्या श्रवणशक्तीकडे सरकली. पेज यांच्या युक्तीने बाजूला सारलेला प्रश्न अशा रीतीने पुन्हा संशोधकांपुढे उभा राहिला.