धाराशिवच्या बायांनी दिलेला पुरावा

आज थोडी जुनी गोष्ट सांगते. आहे आपल्याच राज्यातली, पण आपल्यापर्यंत फारशी पोचली नाही.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आपल्याला ठाऊक आहे. अंगावरून जातं, कंबर दुखते, आणि रोवणी आटोपली की दाखवू म्हणत बाई दिवस काढते. दवाखान्यात पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग प्रश्न येतो, त्रास सुरू होण्याआधीच खेड्यातल्या बाईची तपासणी केली तर तिचा जीव वाचतो का? शहरातल्या मोठ्या इस्पितळात बसून याचं उत्तर मिळणार नव्हतं. त्यासाठी खेड्यातल्या बायाच लागणार होत्या.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने 1987 मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्ण येईल याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरले. कॅन्सरची लक्षणं सांगितली, नोंदी घेतल्या. पुढे लोक आजार लवकरच्या टप्प्यात असताना दवाखान्यात येऊ लागले. म्हणजे आधी ओळख झाली, मग विश्वास बसला.

त्याच विश्वासावर 1999 मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बाया त्यात होत्या. गावांचे 52 गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या भागातल्या बायांना फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. ज्यांना तपासणीला बोलावलं, त्यांतल्या पाचांपैकी जवळपास चार जणी आल्या. बाया येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होतं. दारापर्यंत जाऊन नीट समजावलं, गावाजवळ सोय केली, तर बाया येतात.

निकाल 2009 मध्ये आला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या भागात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या भागात 64. दोन्हीकडे बायांची संख्या जवळपास सारखीच होती. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढे 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायाही आहेत.

पण ते 64 मृत्यू विसरून चालणार नाही. चौथ्या भागातल्या बायांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे देशात आणि बाहेर वाद झाला. संशोधक म्हणाले, तेव्हा देशात कुठेच अशी नियमित तपासणी नव्हती, आम्ही कोणाकडून काही काढून घेतलं नाही. टीकाकार म्हणाले, उपयोगी पडेल असं वाटत असताना गरीब बायांना नुसतं बघत ठेवणं बरोबर नाही. मला दोन्ही बाजू ऐकाव्याशा वाटतात. आपल्याला अभ्यासातून वगळलं, तर औषधं आणि चाचण्या दुसऱ्यांच्या शरीरावरून ठरतात. आणि न समजावता घेतलं, तर आपण नुसता आकडा होतो.

म्हणून मैत्रिणींनो, उद्या भंडाऱ्यात किंवा नागपुरात कोणी अभ्यासात यायचं विचारलं, तर घाबरून पळू नका आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नका. विचारा: मला काय देणार? दुसऱ्या गटाला काय देणार? त्रास झाला तर उपचार कोण करणार? मधेच सोडलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. अभ्यासामुळे इजा झाली तर भरपाई मिळते. वाचता येत नसेल तर संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा. कागदाची प्रत आपल्याला मिळायला हवी.

ती प्रत बचत गटाच्या बैठकीत आणा. एकीने वाचावी, सगळ्यांनी ऐकावी. सही करायची की नाही, हे मात्र जिचं शरीर तिनेच ठरवावं.