बहात्तर (७२)

एकाहत्तरानंतरची नैसर्गिक संख्या. २×२×२×३×३ हे तिचे मूळ अवयव असून ८ व ९ या लगतच्या संख्यांचा ती गुणाकार होय. १३, १७, १९ व २३ या लागोपाठच्या मूळ संख्यांची बेरीज ७२ भरते. ज्या संख्येचा पंचम घात पाच धन पूर्णांकांच्या पंचम घातांच्या बेरजेइतका होतो, अशी ही लहानात लहान संख्या. ते पूर्णांक १९, ४३, ४६, ४७ व ६७ हे, आणि बेरीज १,९३,४९,१७,६३२.

परंतु या संख्येस संगीतशास्त्रात जे मानाचे स्थान लाभले ते तंजावरच्या राजदरबारात. नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित यांचे चिरंजीव व्यंकटमखी यांनी विजयराघव नायकाच्या अमदानीत, सतराव्या शतकात, ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा ग्रंथ रचला आणि सप्तस्वरांचे मेळ ७२ च होतात, अधिक नाहीत व उणेही नाहीत, असे त्यात प्रतिपादिले. हिशेब असा : षड्ज व पंचम अचल; षड्ज व मध्यम यांच्या दरम्यान चार स्वरस्थाने, त्यांतून कोणतीही दोन घेऊन खालच्यास ऋषभ व वरच्यास गांधार म्हणावयाचे, तर ४×३÷२ म्हणजे सहा प्रकार होतात; पंचमाच्या वर धैवत-निषादांचेही तसेच सहा; मध्यम दोन; म्हणून ६×६×२ = ७२. त्या काळी यांपैकी अवघे १९ मेळ प्रचारात होते. उरलेल्या मेळांना, कोणी गाणारा नसतानाही, ज्या पुरुषाने गणिताच्या आधारावर जागा राखून ठेवल्या, त्याची दृष्टी असामान्यच म्हटली पाहिजे.

पुढे मेळांची नावे कटपयादि, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या, संकेताने अशी योजिली गेली की, पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलट क्रमाने मांडताच अनुक्रमांक हाती यावा. ‘धीरशंकराभरण’ यात ध = ९ व र = २, म्हणून २९. त्यातून एक वजा करून सहांनी भागिले असता भागाकार ४ व बाकी ४ येते. अर्थात पाचव्या चक्रातील (सहा मेळांच्या गटातील) पाचवा मेळ, ज्याचे सर्व स्वर हिंदुस्थानी पद्धतीप्रमाणे शुद्ध. नुसत्या नावावरून सर्व तपशील कळावा, ही सोय विरळाच.

नायकांचा अंमल संपून व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावरही त्या राजवाड्यात ही विद्या खंडित झाली नाही. खुद्द तुळजाराजे (कारकीर्द १७२८–३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी वैभवास नेलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही राजवाड्याच्या आवारात आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास गेले व या मेळपद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला. ऋषभ, गांधार, धैवत व निषाद यांचे कोमल व शुद्ध एवढेच भेद मानिले, तर सहांऐवजी चारच जोड्या उरतात आणि ४×४×२ = ३२ मेळ होतात; बाकीचे ४० दक्षिणेत विवादी म्हणून ओळखले जातात. भातखंड्यांचे दहाही थाट (हिंदुस्थानी पद्धतीतील मेळ) या बत्तिसांतीलच असून ७२ मेळांतील त्यांचे अनुक्रमांक असे : भैरवी ८, भैरव १५, आसावरी २०, काफी २२, खमाज २८, बिलावल २९, तोडी ४५, पूर्वी ५१, मारवा ५३ व कल्याण ६५.