मांडीवरचें दप्तर

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस आलें. हा गृहस्थ यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबन येथें शिक्षक आहे. क्षेमकुशल विचारून झाल्यावर त्यानें लिहिलें होतें कीं, रोजच्या वापरासाठीं हलका लॅपटॉप घ्यावयाचा आहे. बाजारांत आतां एक किलोहून कमी वजनाचे लॅपटॉप मिळतात. तरी आपण सल्ला द्यावा. ज्यांचा जन्म इतिहास शिकविण्यांत गेला त्यांस असला प्रश्न विचारावा, याचें वाचकांस हसूं येईल. आम्हांसहि आलें. परंतु या खरेदीचें जें कारण त्यानें शेवटच्या चार ओळींत दिलें होतें, तें वाचल्यावर हा प्रश्न हसण्यावारी नेतां येईना.

मुकुटबन हें गांव झरी-जामणी तालुक्यांत, विदर्भाच्या अगदीं टोकाला आहे. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. वर काळी जमीन व कपाशी, भूगर्भांत चुनखडी व कोळसा, आणि सभोंवार कोलामांच्या वस्त्या, ज्यांस तिकडे पोड म्हणतात. कोलामी ही द्राविड कुळांतील भाषा. तिला स्वतःची लिपी नाहीं. आमचा विद्यार्थी सुटीच्या दिवशीं पोडांवर जातो, वृद्धांपाशीं बसतो, आणि झाडांचीं, पांखरांचीं, नात्यांचीं व शेतीच्या अवजारांचीं कोलामी नांवें देवनागरींत उतरून घेतो. आजी कोलामींत विचारते व नातू मराठींत उत्तर देतो, असें त्यानें लिहिलें होतें; आणि ज्यांनीं त्याला शब्द सांगितले त्यांपैकीं तिघे दोन वर्षांत वारले, असेंहि लिहिलें होतें. शाळेचे तक्ते भरणें व सरकारी माहिती पाठविणें हाहि त्याचा रोजचा वापर होताच; पण यंत्र हलकें हवें होतें तें पोडाच्या वाटेसाठीं.

यंत्रांचे गुणदोष सांगणारे लोक पुष्कळ आहेत. आमच्या हातीं असलेलें साधन एकच, तें म्हणजे मागें वळून पाहणें. लिहिण्याचें साहित्य हलकें करण्याचा खटाटोप महाराष्ट्रांत आजचा नाहीं. तेव्हां प्रत्येक वेळीं लिहिणाराच्या अंगावरचा कोणता भार कमी झाला, व तो कमी झालेला भार पुढें कोणी वाहिला, एवढें तपासून पाहावें असें आम्हीं ठरविलें.

लॅपटॉप या शब्दाचा अर्थच मांडीवरचा. या अर्थानें पहिला लॅपटॉप आमच्या जुन्या कारकुनाचा होय. जमिनीवर बसून, एक गुडघा उभा करून व त्यावर कागद धरून तो लिही. कलमदान कमरेला, त्यांत बोरू व दौत. शाई काजळ, डिंक व पाणी यांची; बोरू ओढ्याकांठच्या देवनळाचा; तो झिजला तर चाकूनें पुन्हां टोंक करावयाचें. हें साहित्य वजनानें हलकें होतेंच. पण त्याचा मोठा हलकेपणा हा कीं तें कोणत्याहि गांवीं नवें करतां येई. छावणी कोठेंहि पडो, लेखन अडत नसे.

तरीहि त्याच्यापुढें वेळेचा भार होता, व तो उतरविण्यासाठीं मोडी लिपी आली. यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्याकडे तिचें जनकत्व परंपरा देते. आधीं पानभर शिरोरेघा ओढून ठेवावयाच्या, व मग लेखणी शक्य तितकी न उचलतां अक्षरांस अक्षर जोडीत जावयाचें, ही तिची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तिनें बहुधा सोडून दिला. कित्येक अक्षरें एकमेकांसारखीं झालीं. लिहिणाराचें काम हलकें झालें खरें, पण तें वाचणारावर पडलें. जोंपर्यंत लिहिणारा व वाचणारा एकाच परंपरेंतले होते तोंपर्यंत हें कोणास जाणवलें नाहीं. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरांत हजारों रुमाल बांधलेले आहेत, आणि ते सोडून वाचूं शकणारे लोक मूठभर आहेत. कारकुनानें वांचविलेल्या घटकांची किंमत दोनशें वर्षांनंतरचा अभ्यासक देत आहे.

दुसरा प्रसंग टंकयंत्राचा. १८७४ सालीं अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें टंकयंत्र विकण्यास आरंभ केला, आणि १९१२ सालीं निघालेलें घडीचें कोरोना यंत्र तर अवघें सहा पौंडांच्या आसपास, म्हणजे पावणेतीन किलो होतें. तें पेटींत घालून वार्ताहर व प्रवासी गांवोगांव नेत. पण या हलकेपणाचें मूळ इंग्रजी वर्णमालेंत होतें. सव्वीस अक्षरांस थोडक्या कळा पुरतात. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें लागतात. तेव्हां यंत्र मोठें करण्याऐवजीं लिपीनेंच अंग चोरावें अशी मागणी होऊं लागली. छपाई व टंकलेखन सुलभ व्हावें हा सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळींतील एक हेतु होता. अ या एकाच अक्षराला काना, मात्रा, वेलांटी लावून सर्व स्वर लिहावे, ही सूचना त्यांतलीच. ती बरी कीं वाईट हा वाद येथें नको. यंत्राचा भार या वेळीं भाषेवर आला, एवढें ध्यानांत ठेवावें. पुढें १९५५ सालीं गोदरेज यांचें भारतांत बनलेलें टंकयंत्र बाजारांत आलें व कचेऱ्याकचेऱ्यांतून देवनागरी टंकलेखन रुळलें. परंतु अक्षरांचें तें अवघडलेपण कायमच राहिलें.

तिसरा प्रसंग आमच्या हयातींतला. ॲलन के या अमेरिकन संशोधकानें १९७२ सालीं मुलांच्या हातीं देतां येईल अशा संगणकाची कल्पना मांडली. तो वहीएवढा असावा व त्याचें वजन चार पौंडांहून कमी असावें, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षांत १९८१ सालीं आलेला ऑसबोर्न हा 'उचलून नेण्याचा' संगणक अकरा किलोंचा होता. झाकण लावल्यावर तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे, त्याचा पडदा पांच इंचांचा होता, आणि त्यांत बॅटरी नव्हती. १९९१ या एका वर्षीं दोन गोष्टी घडल्या. सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली, तिच्यामुळें यंत्राचें वजन उतरलें. आणि युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. त्यापूर्वीं कानपूरच्या आय.आय.टी.त व नंतर १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्यें भारतीय लिप्यांसाठीं जें काम झालें, त्यानें ही वाट सोपी केली होती.

युनिकोडचें महत्त्व आम्हांस पुस्तकांतून कळलेलें नाहीं. आमचा प्रबंध आम्हीं १९९८ सालीं संगणकावर लिहिला. तेव्हांच्या पद्धतीप्रमाणें इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेला एक फाँट वापरला होता. तो फाँट गेला, तें यंत्र गेलें. आज ती फाइल उघडावी तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन चुराडा दिसतो. छापील प्रत कपाटांत आहे म्हणून प्रबंध वांचला. मोडीला दोनशें वर्षें लागलीं. आमच्या अक्षरांस पंचवीसहि लागलीं नाहींत.

२००८ सालच्या जानेवारींत ॲपल कंपनीचा मॅकबुक एअर पाकिटांतून काढून दाखविण्यांत आला, व तेव्हांपासून पातळ व हलकें होण्याची चढाओढ लागली. त्याचें वजन १.३६ किलो होतें. तें साधण्यासाठीं चकती वाचणारा भाग काढून टाकला, जोडण्या कमी केल्या, स्मृति मुख्य पाटीवर कायमची डाखळली, आणि बॅटरी मालकानें स्वतः बदलावी अशी सोय ठेवली नाहीं. आज बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक हलक्या यंत्रांचा कुलाचार हाच आहे.

याच सुमारास महाराष्ट्रांत एक निराळा प्रयोग झाला. अमेरिकेंतील निकोलस निग्रोपाँटे यांची प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची योजना भारत सरकारनें २००६ सालीं नाकारली होती. तरीहि २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात या खेड्याच्या लहानशा शाळेंत तीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं. त्यांचें वजन सुमारें दीड किलो होतें. तें आणखी कमी करण्याऐवजीं धूळ आंत जाऊं नये म्हणून कळफलक रबराचा अखंड केला होता, व उन्हांत वाचतां यावें असा पडदा बसविला होता. ही योजना जगांत अपेक्षेप्रमाणें फळली नाहीं, कारण यंत्र पोंचलें तरी त्याच्यामागें लागणारें शिक्षण व दुरुस्ती सर्वत्र पोंचत नाहीं. तथापि त्या यंत्राच्या कर्त्यांनीं जो प्रश्न आधीं विचारला, कीं हें कोठें उघडलें जाणार, तोच खरा प्रश्न होय.

हें सर्व आम्हीं मुकुटबनास लिहून कळविलें, आणि सुचविलें कीं एखाद्याचा हलका लॅपटॉप आठ दिवस मागून घ्यावा व पोडावर नेऊन पाहावा. त्यानें तसें केलें व हिशेब पाठविला. किराणा दुकानाच्या कांट्यावर यंत्र ९८० ग्रॅम भरलें. जाहिरात खोटी नव्हती. परंतु वीज भरण्याचें उपकरण ३१० ग्रॅम, ध्वनिमुद्रणाचें कार्ड यंत्रास लावण्यासाठीं घ्यावी लागलेली जोडणी ७० ग्रॅम, आणि धुळीपासून रक्षण करणारी पिशवी २०० ग्रॅम. एकूण १,५६० ग्रॅम. बॅटरी ५० वॅट-तासांची होती. मंद पडद्यावर यंत्र पांच-सहा वॅट खातें व आठ-दहा तास चालतें. पण मांडवाखालच्या उजेडांत पडदा पूर्ण उजळावा लागला, वीज नऊ-दहा वॅट लागूं लागली, आणि साडेपांच तासांत यंत्र मिटलें. हीं नव्या बॅटरीची गोष्ट. कांहीं शें वेळां भरून झाल्यावर असल्या बॅटरीची शक्ति साधारण चार-पंचमांश उरते, आणि उष्णतेनें हा ऱ्हास लवकर होतो. बहुतेक कारखानदार ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत यंत्र वापरा असें सांगतात. झरी-जामणीकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीकडे जातो. आणि बॅटरी चिकटवून बसविलेली असल्यानें ती बदलावयाची कोठें, असें विचारतां वणीच्या दुकानदारानें नागपूरकडे बोट दाखविलें.

यावरून आमचें मत असें झालें. जें यंत्र सुमारें १,४०० ग्रॅमांचें आहे, ज्याचें पोट साध्या स्क्रूंनीं उघडतें, ज्याची बॅटरी व स्मृति तालुक्याच्या गांवींहि बदलतां येते, ज्याला कार्डाची खांच अंगचीच आहे, आणि जें फोनच्याच धर्तीच्या टाइप-सी तारेनें भरतां येतें, तें घ्यावें. एखाद्या कचेरींतून निघालेलें, तपासून नीट केलेलें जुनें असलें तरी चालेल. पिशवी व उपकरण धरून तें १,९१० ग्रॅम होईल. म्हणजे हलक्या यंत्राहून ३५० ग्रॅम अधिक. हें पेलाभर पाण्याहून थोडें जास्त वजन झालें. तेवढें वजन खांद्यावर घेतल्यानें नागपूरची खेप, नव्या यंत्राचा खर्च व मध्येंच अडलेलें काम हे तीन भार उतरतात. ज्याचें काम शहरांतल्या कचेरीतून आगगाडींत व आगगाडींतून घरीं असें आहे, ज्याच्या प्रत्येक मुक्कामीं वीज व दुरुस्ती आहे, त्यानें मात्र खुशाल एक किलोचें घ्यावें. त्याचा उरलेला भार शहर वाहतें.

आणखी दोन गोष्टी आम्हीं आग्रहानें कळविल्या. एक, शब्दांची यादी युनिकोडमध्यें, साध्या मजकुराच्या स्वरूपांत ठेवावी, व तिची एक प्रत यंत्राबाहेर असावी. दुसरी, पोडावर प्रथम वही काढावी. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडांत कोलामीची नोंद आहे, आणि एमेनो यांनीं वर्ध्याकडील कोलामीवर लिहिलेला ग्रंथ १९५५ सालीं निघाला. दोन्ही ग्रंथ आजहि उघडले कीं वाचतां येतात. त्यांस वीजहि लागत नाहीं व जुना फाँटहि लागत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या यादीनें निदान त्यांच्याइतकें टिकावें, एवढीच आमची यंत्राकडून अपेक्षा आहे.

दिवाळीनंतर त्याचें उत्तर आलें. यंत्र घेतलें होतें, १,४२० ग्रॅमांचें. वही दिवसा, यंत्र रात्रीं, असा त्यानें क्रम ठेवला आहे. सोबत पांखरांच्या नांवांची यादी होती. कोलामी नांव, मराठी नांव, पोडाचें नांव व सांगणाराचें वय. आम्हीं ती आमच्या यंत्रावर उघडली. एका कान्याचाहि फरक न होतां ती सबंध वाचतां आली. शेवटच्या सात नांवांपुढें मराठीचा रकाना मोकळा होता. तीं पांखरें मराठींत काय म्हणवितात हें त्याला ठाऊक नव्हतें. आणि सांगणारी बाई ऐशीं वर्षांची होती.