रक्ताची तपासणी : एका रोगाचा इतिहास

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या वाटेवर मुरुड हें बाजाराचें गांव आहे. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तेव्हांपासून या बाजूच्या गांवांना बाहेरच्या जगाचा वारा लागला. गाडीबरोबर माल येतो, माणसें येतात, आणि माणसांबरोबर रोगही येतात. पटकी आणि प्लेग या पाहुण्यांची ओळख मराठवाड्याला जुनी आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस जो पाहुणा आला त्याची चाल निराळी होती. पटकी दोन दिवसांत आपला निकाल सांगते. एड्सचा विषाणू मात्र शरीरांत शिरल्यावर आठ-दहा वर्षेंदेखील गुपचूप राहतो. त्या काळांत माणूस नांगर धरतो, ट्रक हांकतो, लग्न करतो, लेकरांना खांद्यावर घेऊन जत्रेला जातो. त्याला पाहून कोणास कांहीं कळत नाहीं, आणि त्याचें त्यालाही कळत नाहीं. रक्त तपासल्यावांचून या रोगाचा पत्ताच लागत नसल्यामुळें त्याचा इतिहास पुष्कळ अंशीं त्या तपासणीचाच इतिहास आहे.

१९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत लॉस एंजल्स येथील पांच तरुणांना झालेल्या एका विरळ न्युमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सचा लिखित इतिहास तेथून सुरू होतो. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत बारे-सिनूसी आणि माँटान्ये यांना विषाणू सांपडला, आणि १९८५ सालीं रक्ततपासणीची पद्धत उपलब्ध झाली. तोंवर आपल्या देशांत शिष्ट लोक असें बोलत असत कीं, हा पाश्चात्यांच्या स्वैर वर्तनाचा रोग आहे. आपल्याकडे तो यावयाचा नाहीं.

हा अभिमान एका विद्यार्थिनीनें मोडला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या निर्मला यांना त्यांच्या अध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनीं हा विषय संशोधनासाठीं दिला. निर्मलाबाईंनीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने मिळविले. ते ठेवावयास जागा नव्हती, म्हणून घरच्याच रेफ्रिजरेटरमध्यें ठेवले, आणि १९८६ च्या आरंभीं वेल्लोरला नेऊन तपासले. त्यांत सहा नमुने दोषी निघाले. त्याच वर्षीं मुंबईंत एड्सचा पहिला रुग्ण आढळला. १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षीं पुण्याजवळ भोसरीस या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था निघाली.

पण तपासणी होती आणि औषध नव्हतें, ही त्या काळाची खरी शोकांतिका होय. ज्या तपासणीनंतर वैद्याला करण्याजोगें कांहीं उरत नाहीं, ती तपासणी न राहतां शिक्षा होते. कागदावरचा एक शब्द वाचून माणसाची नोकरी जाई, घर सुटे. अशाच एका हंगामी मजुराला एका सार्वजनिक कंपनीनें कामावरून दूर केलें. तो मुंबई उच्च न्यायालयांत गेला. न्यायालयानें त्याचें नांव गुप्त ठेवण्यास परवानगी दिली, आणि १९९७ सालीं असा निर्णय दिला कीं, जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांस धोका नाहीं, त्याला केवळ या विषाणूच्या कारणावरून काम नाकारतां येणार नाहीं. एका निनावी मजुराचें नाणें कायद्याच्या बाजारांत खणखणीत वाजलें, हें या इतिहासांतलें एक मोठें पान आहे.

त्या काळीं प्रचाराची भित्तिपत्रकें पुष्कळ लागलीं, आणि त्यांवर कवटी व हाडें काढण्याची हौस फार. भयानें लोक सावध होतील अशी समजूत होती. झालें उलटें. लोक रोगापासून दूर न राहतां रोग्यापासून दूर राहूं लागले, आणि ज्यांना शंका होती ते तपासणीपासून दूर राहिले. वास्तविक या विषाणूच्या वाटा मोजक्या आहेत. निरोधावांचून घडलेला बाधित व्यक्तीशीं शरीरसंबंध ही पहिली. बाधित रक्त किंवा तें लागलेली सुई ही दुसरी. आणि गर्भांत, प्रसूतीच्या वेळीं वा दुधावाटे आईकडून बाळाकडे ही तिसरी. एका ताटांत जेवल्यानें, हातांत हात घेतल्यानें, खोकल्यानें किंवा डांस चावल्यानें तो जात नाहीं. रक्ताची वाट बंद करण्यास सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल उपयोगी पडला. त्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा बंद करण्यांत आला.

औषधाची कथा मुंबईच्याच एका कारखान्याशीं येऊन मिळते. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र दिल्यास विषाणू दबतो असें सिद्ध झालें. पण पाश्चात्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. २००१ सालीं सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनीं तींच औषधें सेवाभावी वैद्यांच्या एका संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरानें, देऊं केलीं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला. हा दिवस तपासणीच्या इतिहासांतला खरा वर्षप्रतिपदेचा दिवस म्हणावा लागेल. कारण त्या दिवसापासून अहवालाच्या कागदापुढें दुसरा कागद आला, औषधाचा.

पुढें एक आणखी गोष्ट उघड झाली. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक जोडप्यांत एक जण बाधित, दुसरा निरोगी. त्यांत पुण्याच्या संस्थेंतलींही जोडपीं होतीं. बाधित जोडीदारास लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्यास लागण होण्याचें प्रमाण ९६ टक्क्यांनीं घटतें, असें २०११ सालीं दिसून आलें. औषध नियमित घेतल्यानें रक्तांतील विषाणू मोजतां येणार नाहीं इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास जात नाहीं, हें त्यानंतर पक्कें ठरलें. आईचेंही तसेंच. उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. वेळीं औषध दिल्यास तें प्रमाण ५ टक्क्यांच्या खालीं येतें. म्हणून गरोदरपणीं तपासणी करून घेणें अगत्याचें. २०१७ पासून निदान होतांच औषध, असें धोरण आहे. सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत व गुप्त होते, आणि तपासणीआधीं व नंतर समुपदेशक बोलतो. एका चांचणीवर रोग ठरवीत नाहींत. निराळ्या पद्धतीच्या तीन चांचण्यांचा कौल घेतात. मात्र लागण झाल्यावर पहिले कांहीं आठवडे चांचणी निर्दोष येऊं शकते, तेव्हां शंका असल्यास ती पुन्हां करावी लागते.

आतां पुन्हां लातूर जिल्ह्याकडे. मुरुडप्रमाणें येथील गांवोगांवचीं माणसें ऊसतोडीला, ट्रकवर, मुंबई-पुण्याच्या मजुरीला जातात. अशा घरांत आईबाप दोघेही या रोगानें गेले आणि लेकरें मागें राहिलीं, हें मराठवाड्यानें पाहिलें. अशा बाधित मुलांसाठीं औसा तालुक्यांतील हासेगांवीं रवी बापटले यांनीं 'सेवालय' काढलें. २००९ सालीं तीं मुलें गांवच्या शाळेंत बसूं लागतांच कांहीं पालकांनीं आपलीं मुलें घरीं ठेवलीं. औषध मोफत मिळूं लागून तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं, आणि स्पर्शानें रोग लागत नाहीं हें तर त्याहूनही आधीं ठाऊक झालेलें होतें. शाळेंत प्रवेश देतांना या कारणावरून भेदभाव करण्यास कायद्यानें मनाई झाली ती २०१७ च्या कायद्यानें, आणि तो अमलांत आला १० सप्टेंबर २०१८ रोजीं.

तोंवर सेवालयांतलीं थोरलीं मुलें वयांत आलीं होतीं. औषधें घेऊन तीं जगलीं, शिकलीं. त्यांतल्या कांहींचे विवाह झाले. अशा तरुणांसाठीं जी वस्ती उभी राहिली तिला 'हॅपी इंडियन व्हिलेज' असें नांव दिलें आहे, आणि त्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जुळविलीं कीं त्या विषाणूचेंच नांव तयार होतें.